एक दिवसाच्या सासूबाई

सासू मेल्याचं कळल्यावर तुझ्या पोटात गोळा येईल, असं चावीवाल्याला वर्षापूर्वी कुणी सांगितलं असतं, तर तो गडबडा लोळून हसला असता. बरं, सासू मेली असती तर गोष्ट वेगळी. ती धडधडीत समोर उभी होती आणि कारकुनाची खरडपट्टी काढत होती.

झालं होतं ते असं. लढाई शहरात शिरून आठ महिने झाले होते. चावीवाल्याचा धंदा बसला, कारण शहरात दारंच उरली नव्हती, कुलपं कशाला लावणार? घर पडलं तेव्हा तो आणि सासूबाई शाळेत राहायला आले, पाचवी ब च्या वर्गात, आणखी सहा कुटुंबांबरोबर. मदतवाल्यांचा कारकून नावं लिहायला आला त्या दिवशी सासूबाई पाण्याच्या रांगेत होत्या. "बायको?" कारकुनाने विचारलं. "गेली," चावीवाला म्हणाला. साबण आणायला बाजारात गेलेली बायको बॉम्बखाली सापडली, त्याला तेव्हा चारच महिने झाले होते. कारकुनाने रेशनकार्डावरचं पुढचं नाव वाचलं. "आणि सासूबाई?" "त्याही गेल्यात, पाण्याला," चावीवाला म्हणाला, पण नेमकं त्याच वेळी डोक्यावरून विमान गेलं आणि 'पाण्याला' हा शब्द हवेत विरला. कारकून पडला हळवा. त्याने बाहीने डोळे पुसले आणि दोघींच्या नावापुढे 'मयत' लिहून टाकलं.

आणि आज फळ्यावर बसची यादी लागली होती. उद्या सकाळी चार तास गोळीबार थांबणार होता, तेवढ्यात एक बस पलीकडे सुरक्षित गावात जाणार होती. एकच. यादीत चावीवाला होता, सासूबाई नव्हत्या.

"मी मेले? मग हे कोण बोलतंय, माझा फोटो?" सासूबाई म्हणाल्या.

"आजी, मला तुमच्याबद्दल आदर आहे," कारकून म्हणाला, "पण कागदावर तुम्ही नाही."

सासूबाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो खुर्चीवरून वीतभर उडाला. "आता आहे?"

"आहात हो! पण मयताला जिवंत करायचा अधिकार मला नाही. अर्ज वर जातो, तीन आठवडे लागतात."

"तीन आठवड्यांत मी खरंच मरेन की! मग अर्ज मागे घ्यायचा का?"

वर्गातले लोक खो खो हसले. चावीवाला मात्र हसला नाही. नऊ वर्षं तो या बाईशी भाजीतल्या मिठावरून भांडला होता, तिच्या घोरण्यावरून भांडला होता. पण आता जगात ती एकटीच उरली होती, जिच्यापुढे बायकोचं नाव काढलं तर "हो, अशीच होती ती" असं उत्तर यायचं. तिला इथे टाकून बसमध्ये चढायचं? 

"मीही जाणार नाही," तो म्हणाला.

"डोकं ठिकाणावर आहे का, जावईबापू? माझ्या गोवऱ्या मसणात गेल्यात. तुम्ही निघा!"

"आई, तुम्ही गप्प बसा. मेलेल्या माणसाने मध्ये बोलू नये."

कारकुनाने पेनाने कान खाजवला. माणूस नियमाचा पक्का होता, पण नियमाला भोक कुठे असतं तेही त्यालाच ठाऊक. "जुनं नाव दुरुस्त करायला वर विचारावं लागतं," तो हळूच म्हणाला, "पण नवीन जन्म मी इथल्या इथे नोंदवू शकतो. तान्ह्या बाळाला बसमध्ये वेगळी जागा लागत नाही. मांडीवर बसवायचं."

सासूबाईंनी जावयाच्या मांडीकडे बघितलं.

"फॉर्ममध्ये वजनाचा रकाना आहे," कारकून म्हणाला. "दात किती, असा काही रकाना नाही."

सासूबाईंना धान्याच्या काट्यावर उभं केलं. भरल्या एकेचाळीस किलो. कारकुनाने लिहिलं: बाळ सुदृढ. वडील, चावीवाला. "आई?" त्याने विचारलं, आणि त्याची त्यालाच शरम वाटली. सासूबाईच म्हणाल्या, "माझ्या लेकीचं नाव लिही. दुसरं कुणाचं लिहिणार?"

सकाळी बस सुटली. एकेचाळीस किलोचं बाळ मांडीवर घेऊन चावीवाल्याच्या पायांना मुंग्या आल्या. बाळाच्या तक्रारी चालूच होत्या. "नीट बसा ना, हाडं टोचतात तुमची." तपासणी नाका दिसला तसा तो कुजबुजला, "आई, कवळी काढा." चिडून त्यांनी कवळी रुमालात बांधली.

दाढीवाला शिपाई बसमध्ये चढला. त्याने कागद वाचला, मग मांडीकडे बघितलं, मग कागद उलटा धरून बघितला.

"वय एक दिवस?"

"हो, साहेब."

"केस पांढरे कसे?"

"भीतीने."

"आणि या सुरकुत्या?"

"तान्ह्या बाळांना असतातच की हो."

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. हसू दाबता दाबता सगळी बस हलायला लागली. शिपायाची दाढीही थरथरली. पण डोळे परत कागदावर गेले. "तान्ह्या बाळाबरोबर आई पाहिजे, असा हुकूम आहे," तो म्हणाला. "या बाळाची आई कुठाय?"

बसमधलं हसू थांबलं. 

सासूबाईंनी सावकाश रुमाल सोडला, कवळी तोंडात बसवली, अंगठ्याने दाबली.

"आई मीच आहे, बाबा," त्या म्हणाल्या. "माझं बाळ तिकडे बाजारात राहिलं."

 शिपायाने कागदाची घडी घातली आणि चावीवाल्याच्या खिशात ठेवली.

"बाळाला घट्ट धरा," तो म्हणाला. "पुढे रस्ता खराब आहे."

चावीवाल्याने दोन्ही हातांनी सासूबाईंना कवेत घेतलं, आणि बस निघाली.