फुसक्याचा शेवट

तात्याला तात्या म्हणायला लागले तेव्हा तो जेमतेम शाळेत जायला लागला होता. "ताट दे" म्हणायचं असलं की "त-त-त-ता" करत राहायचा. एकदा जेवायच्या वेळी मोठा भाऊ ओरडला, "सरका, सरका, तात्या आले!" घर खो-खो हसलं आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे बाहेरच्यांना वाटायचं, मानाचं नाव आहे, घरात याच्या शब्दाला वजन असणार. तात्याने कुणाचा गैरसमज दूर केला नाही. दूर करायचा म्हणजे बोलणं आलं.

तो सोफे बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणायचे, स्पंज चढवायचा, वरून कापड ओढून ठोकायचं. ठोकताना कारागीर बारीक खिळे तोंडात धरतात आणि जिभेने एकेक पुढे सरकवतात. तोंडात खिळे असलेल्या माणसाकडून कुणी उत्तराची अपेक्षा करत नाही. तात्याचे खिळे इतरांपेक्षा जरा जास्त वेळ तोंडात असायचे.

कारखान्याच्या शेजारी लाँड्री होती. सोफ्याची कापडं तिथे इस्त्रीला जायची, ती पोचवायला तात्या जायचा. लाँड्री चालवणारी बाई चाळिशीला टेकलेली, अंगाने भरलेली, आणि हसायला लागली की रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशी. तात्या बोलायला लागला की इतर माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसायची, नाहीतर त्याचा शब्द स्वतःच पुरा करून टाकायची. ही खाली मान घालून इस्त्री फिरवत राहायची. शब्द यायचा तेव्हा येवो, तिची घडी चालूच.

एकदा तिने आपणहून सांगितलं होतं. "माझा नवरा मला का मारायचा माहितीये? हसते म्हणून. म्हणायचा, घोडीसारखी खिंकाळतेस. त्याच्या घरात मी हसायचंच विसरून गेले होते. सुटले एकदाची."

तात्याला म्हणायचं होतं, तुम्ही हसत जा. पण "ह" तोंडातच अडकला. ती म्हणाली, "कळलं." आणि पुढची चादर ओढली.

असं करत करत दोघांचं ठरलं. लग्न करायचं, आणि तात्याने लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायला जायचं.

घरी ही बातमी दादाने "बरं झालं" म्हणून ऐकली. वहिनीने आतल्या खोलीकडे पाहिलं. आतल्या खोलीत वडील अंथरुणाला खिळून होते. झटका आल्यापासून उजवी बाजू गेली होती, वाचाही गेल्यात जमा होती. एखादं अक्षर यायचं, तेही ओठांवर लाळेसारखं लोंबत. त्यांना पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, सगळं तात्या करायचा. म्हाताऱ्याचं काय म्हणणं आहे ते कळायला थांबावं लागायचं, आणि थांबायची सवय घरात एकट्या तात्याला होती. तो गेला की हे सगळं कुणाच्या गळ्यात पडणार, हे वहिनीला सांगायची गरज नव्हती.

आता सिनेमाचं. तात्याची धाकटी बहीण, जिला सगळे छोटी म्हणायचे, कार्टून सिनेमे बनवणाऱ्या कंपनीत होती. लग्न ठरायच्या बऱ्याच आधी ती एके दिवशी कारखान्यात आली होती. "तात्या, मी ड्रॅगनचा सिनेमा करतेय. त्यात एक पिल्लू आहे, त्याच्या तोंडून आग निघत नाही. बाकीचे ड्रॅगन नुसते भकाभका पेटतात, याचा आपला धूर आणि खोकला. नाव फुसक्या. त्याला तुझा आवाज हवा."

"म-म-माझा?"

"तुझाच. तो तुझ्यासारखाच बोलतो. पण शेवटी अख्खं खोरं बर्फाखाली गाडलं जातं, सगळ्या मोठ्यांची आग विझते, आणि तेव्हा फुसक्याचं पहिलं पूर्ण वाक्य बाहेर पडतं. वाक्याबरोबर आग. तोच सगळ्यांना वाचवतो."

तात्या गेला. स्पंज लावलेल्या छोट्या खोलीत त्याला माईकपुढे उभं केलं. काचेपलीकडून छोटी म्हणाली, "सावकाश. घाई करणारं इथे कुणी नाही." त्याच्या जन्मात हे वाक्य त्याला कुणी ऐकवलं नव्हतं. शेवटचं वाक्य पुन्हा पुन्हा करून घेतलं. शेवटी एकदा ते न अडखळता, नळाला पाणी आल्यासारखं आलं, आणि काचेपलीकडे छोटीने डोळे पुसले. तात्याने ते पाहिलं.

सिनेमा थिएटरला लागलाच नाही. कुणी घेतला नाही. कंपनीने तो तसाच डिस्कवर काढला आणि खेळण्यांच्या दुकानांत मुलांच्या गोष्टींशेजारी ठेवून दिला. छोटीने एक डिस्क दादाच्या मुलांना पाठवली. तात्याला फोन केला नाही. तात्याला वाटलं, कामात असेल.

त्याने वहिनीला विचारलं, "र-रविवारी सगळे मिळून ब-बघू या का? ल-लाँड्रीतून तिलाही ब-बोलावतो."

"बोलवा की," वहिनी म्हणाली. "अवश्य बोलवा."

मुलांनी आणि वहिनीने तो शुक्रवारीच बघून टाकला होता.

रविवारी दुपारी तात्याने दाढी केली, वडिलांचीही केली, त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेरच्या खोलीत आणलं. लाँड्रीवाली हिरवी साडी नेसून आली. तिला सोफ्यावर मधोमध बसवलं. तात्या तिच्या शेजारी, दादा आरामखुर्चीत, दोन्ही मुलं खाली जमिनीवर. वहिनीने चहा दिला आणि स्वतः दारात उभी राहिली. तिथून टीव्ही तिरपा दिसायचा, पण सोफा समोर दिसायचा.

सिनेमा तसा स्वस्तातला होता. डोंगर कागदी, आग प्लास्टिकसारखी. दादा म्हणाला, "याच्यावर चार वर्षं घालवली छोटीने?" मग फुसक्या आला. गुबगुबीत, जांभळा, पंख आखूड. तोंड उघडलं आणि त्यातून तात्या बोलायला लागला.

मुलं आधीच खिदळत होती. "आता बघा, आता बघा!"

मोठा ड्रॅगन कड्याच्या टोकावर उभा राहून भाषण ठोकत मागे मागे सरकतोय. फुसक्या त्याला सांगायला धावतो.

"ख-ख-ख-"

"खोकला झालाय का रे?" मोठा विचारतो.

"खा-खा-खा-"

"खाऊ? अरे, काय खाऊ?" म्हणत मोठा आणखी एक पाऊल मागे टाकतो आणि नाहीसा होतो. खालून धप्प असा आवाज येतो.

"खाली बघा," फुसक्या हळूच म्हणतो.

दादा हसून हसून खुर्चीतून घसरला. आणि लाँड्रीवाली हसली. हसली म्हणजे काय, चहाचा कप बशीत आपटला, साडीवर सांडला, तरी तिला थांबता येईना. खरं सांगायचं तर तो प्रसंग विनोदीच होता. रेकॉर्डिंगच्या वेळी तात्याही हसला होता. आताही त्याने हसल्यासारखं केलं आणि तिच्याकडे वळून म्हणाला, "श-शेवट बघा. शेवटी मी-"

"हो, हो," ती डोळे पुसत म्हणाली.

पुढे प्रत्येक प्रसंगात तेच. फुसक्या तोंड उघडणार, मुलं त्याच्या आधी त्याच्यासारखं बोलून दाखवणार, दादा मांडीवर थाप मारणार. दर वेळी तात्या म्हणायचा, "श-शेवट बघा." तिसऱ्या-चौथ्यांदा धाकट्या मुलाने त्याच्याकडे बघून म्हटलं, "श-श-श-शेवट!" आणि खोलीत पुन्हा हशा.

अखेर बर्फ आला. खोरं पांढरं झालं. तात्या पुढे सरकून बसला. हात गुडघ्यांवर, ओठ आपोआप त्या वाक्याची जुळवाजुळव करायला लागलेले.

पडद्यावर तो कड्यावरून पडलेला मोठा ड्रॅगन उठला, त्याने एक फुंकर मारली, बर्फ वितळला. सगळे नाचायला लागले. फुसक्या मध्ये उभा. त्याने आ वासला, आतून धुराचं एक वेटोळं निघालं, आणि मागून "पुर्र" असा आवाज आला. संपलं. नावं वर सरकायला लागली, त्याबरोबर गाणं सुरू झालं. तात्याचं रेकॉर्डिंगमधलं अडखळणं बारीक बारीक कापून त्याचा ठेका केला होता. त-त-त, ख-ख, त-त-त, ख-ख, वर ढोल. मुलं उठून नाचायला लागली. त्यांच्या स्टेप्सही आधीच बसवलेल्या होत्या.

"श-शेवट कुठाय?" तात्या म्हणाला. कुणाचं लक्ष नव्हतं. तो उभा राहिला. "शे-शे-शेवट क-क-क-"

अगदी ठेक्यात आलं. गाण्यातलंच कडवं वाटावं तसं. दादाला ठसका लागला. लाँड्रीवाली तोंडावर पदर दाबून गदागदा हलत होती. मग तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं आणि ती एकदम थांबली. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

तात्या स्वयंपाकघरात गेला. वहिनी कप विसळत होती.

"तुम्ही आ-आधी बघितला होता?"

"बघितला होता. मग?"

"म-मला सांगायचं तरी."

वहिनीने नळ बंद केला. "भावोजी, मी काय सांगणार? मी हसले, मुलं हसली. म्हटलं, तीही बघू दे. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. घरचे हसतात ते घरातच राहतं. बाहेरचं माणूस हसलं की..." वाक्य तिने सोडून दिलं. घरात तात्याची वाक्यं सगळे पुरी करायचे. हे एक त्याला स्वतः पुरं करायला मिळालं.

संध्याकाळी त्याने छोटीला फोन केला. "शेवट?"

"कापला रे," ती म्हणाली. "मुलांची डिस्क कमी वेळेची लागते म्हणे. मी भांडले, तात्या. खरंच भांडले. पण त्यांनी चार मुलांना बसवून दाखवला, तर मुलं तुझ्या शेवटाला कंटाळली. पडण्यावर मात्र लोळून हसली."

"आणि ग-गाणं?"

ती म्हणाली, "गाणं मी केलं. वरून सांगितलं होतं. ऐक ना, वाईट वाटून घेऊ नकोस, लोकांना अख्ख्या सिनेमात फुसक्याच आवडलाय. दुसरा भाग काढायचं म्हणतायत, नुसता त्याच्यावर. तू येशील ना?"

तात्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लाँड्रीवाली कारखान्यात आली. तात्या एका आरामखुर्चीच्या पाठीवर कापड ताणत होता. ती समोर येऊन उभी राहिली.

"मी हसले," ती म्हणाली. "चुकलं माझं. पण हसू आलं तर काय करू? तुमच्यावर नाही हो हसले. त्या जांभळ्या बेडकावर हसले. तुमच्यावर मी कधी हसलेय का, सांगा बरं?"

तात्याने खिळा ठोकला. दुसरा ठोकला.

"बोला काहीतरी. मी थांबते. मला काही घाई नाही."

तिने असं म्हणायला नको होतं. काचेपलीकडून छोटीही असंच म्हणाली होती. तात्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले. आजवर तो तिला अहो-जाहो करायचा. पहिल्यांदा एकेरीवर आला तो या वाक्यासाठी.

"तुझा न-न-नवरा," तो म्हणाला, "ब-ब-ब-"

ती थांबली. सवयीप्रमाणे तिने नजर खाली वळवली, त्याला अवघड वाटू नये म्हणून.

"ब-बरोबर होता."

बाजूचे दोन कारागीर हातातलं काम सोडून बघत होते. तिच्या गालांवरचा रंग उतरला. काही वेळ ती तशीच उभी होती, वाक्य अजून पुढे असेल, त्याला वळण मिळेल, अशा आशेने. पुढे काही नव्हतं. तात्याने खिळे पुन्हा तोंडात टाकले. ती निघून गेली. दुपारी कारखान्याची इस्त्रीची कापडं तिने हिशोब न करता परत पाठवली, आणि नंतर कारखान्याची कापडं दुसऱ्या लाँड्रीत जायला लागली.

घरी कुणी विचारलं नाही. वहिनीने त्या आठवड्यात तात्याच्या खोलीचे पडदे धुतले, त्याला जेवताना दोनदा आग्रह केला. दादा म्हणाला, "जाऊ दे रे. लग्न करून तरी कुणाचं भलं झालंय?"

वडिलांचं आवरणं चालूच होतं. एकदा सकाळी तात्या त्यांना पेज भरवत होता. मुलं दप्तरं पाठीला लावून दारात बूट घालत होती. म्हाताऱ्याने घास गिळला आणि डावा हात उचलला.

"प-" तो म्हणाला. "प- प-"

तात्याला कळलं होतं, पाणी. पेला हाताशीच होता. रोज तो शब्द पुरा होईपर्यंत थांबायचा, मग म्हणायचा, "ह-हे घ्या बाबा." म्हाताऱ्याला शब्द आपला आपण संपवायला आवडायचं, आणि ते एकट्या तात्याला माहीत होतं.

"प-प-प-" तात्या म्हणाला. डोळे बाहेर काढून, मान पुढे झटकत, अगदी फुसक्यासारखं. "प-पतंग? प-पापड? काय प-पाहिजे, बाबा?"

दारात मुलं खिदळली. एक बूट घातलेला, एक हातात, तशीच आत धावली. "तात्याकाका, परत! परत करा ना!" स्वयंपाकघरातून वहिनीही डोकावली आणि हसली. हे हसू वेगळं होतं. या खेपेला सगळे तात्याच्या बाजूला उभे राहून हसत होते. इतक्या वर्षांत तो त्या बाजूला कधी उभा राहिला नव्हता. तिथे ऊब होती.

म्हातारा त्याच्याकडे बघत होता. ओठ अजून त्या अक्षरावर मिटलेले.

तात्याने परत करून दाखवलं.

पावसाळा सरल्यावर तो दुसऱ्या भागाच्या रेकॉर्डिंगलाही गेला. खोली तीच. छोटी काचेपलीकडून म्हणाली, "मस्त! आता जरा जास्त अडखळ." तो जास्त अडखळला. काम लवकर उरकलं.

वडिलांनी मात्र त्या सकाळनंतर पाणी मागितलं नाही. कुणी आठवणीने पेला ओठांना लावला तर पितात, नाही लावला तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतात.