चुकली ना?

आमच्या रत्नपालला कष्टाचा भारी कंटाळा होता. हे मी त्याची बहीण म्हणून सांगते, नाहीतर मेलेल्या माणसाबद्दल आमच्या फुलचूर गावात सगळे गोडच बोलतात. कुठलंही काम तो असं करायचा की दुसऱ्यांदा करावं लागू नये. प्रोग्रामिंग त्याला आवडलं तेही त्याचसाठी. एकदा लिहायचं, मग ते आपलं आपण चालत राहतं, असं तो म्हणायचा.

२००६ साली त्याच्या डोक्यात जावा या कॉम्प्युटरच्या भाषेच्या सर्टिफिकेट परीक्षेचं खूळ शिरलं. ती पास झालं की कुठल्याही कंपनीच्या दारात ताठ उभं राहता येतं, असं त्याला गोंदियातल्या क्लासच्या सरांनी सांगितलं होतं. मी तेव्हा बी.सी.ए. करत होते, म्हणून त्यानं मलाही जुंपलं. घरात जुना कॉम्प्युटर होता, सरावाच्या प्रश्नांची सीडी होती, नव्हती ती लाइट. लोडशेडिंगचे दिवस. आम्ही दोघं घरी येऊन अभ्यासाला बसलो की लाइट जायची, ती थेट जेवणाच्या वेळेला उगवायची.

यावर रत्नपालनं काढलेला उपाय म्हणजे टेपरेकॉर्डर. लाइट असेल तेव्हा स्क्रीनवरचे प्रश्न वाचून कॅसेटमध्ये भरायचे, लाइट गेली की सेलवर ऐकायचे. आधी प्रश्न, मग उत्तर देण्यापुरती मोकळी जागा, मग बरोबर उत्तर. आणि मी कुठे कुठे चुकते हे त्याला पाठ होतं, म्हणून रोज ओरडायला नको असा विचार करून त्यानं माझ्यासाठीची बोलणीही टेपमध्येच भरून ठेवली. "चुकली ना? मले माहीतच होतं. डोकं का क्लासमधी ठेवून आली?" मी खरंच चुकलेली असायचे. हा बाजूला बसून मुरमुरे खात असायचा आणि टेपमधला हा मला झापत असायचा.

त्याच पावसाळ्यात त्याला ताप आला. मलेरिया डोक्यात चढला, असं म्हणाले. परीक्षा राहून गेली आणि तो गेला.

आम्ही बौद्ध. भूत, आत्मा, पितर यांतलं काही आमच्या घरात मानत नाहीत, आणि माझे बाबा, यादोराव, तर मुळीच नाही. राइस मिलमध्ये कुणी भुताची गोष्ट काढली तर ते पाठीवरचं पोतं उतरवून वाद घालायला उभे राहतात. त्यामुळे वर्षभरानं मी ती कॅसेट काढली तेव्हा मनात भीती वगैरे काही नव्हती. क्लासच्या सरांनी पुण्यातल्या एका कंपनीचं सांगितलं होतं. तू ही परीक्षा पास हो, ते तुला घेतील. मला ती नोकरी हवी होती. भावाचं अपुरं स्वप्न म्हणून नाही, माझी मला हवी होती.

लाइट गेली, मी टेप लावला. रत्नपालनं घसा साफ केला आणि पहिला प्रश्न वाचला. माझी आई, रुक्माबाई, अंगणात तांदूळ निवडत होती. ती सूप हातात घेऊनच दारात येऊन उभी राहिली. मग मोकळी जागा आली. तिच्यात नीट ऐकलं तर आमचं घर होतं. भांडी, शेजारचा कोंबडा, आणि लांबून आईचाच आवाज, "बाबू, चाय झाली." आणि अगदी जवळून त्याचा, "येऊन राहिलो."

आईनं सूप खाली ठेवलं आणि आत जाऊन चुलीवर चहाचं आधण चढवलं.

त्या दिवसापासून रोज तेच. मी टेप लावायचे, आई चहा घेऊन समोर बसायची. तो विचारायचा, मी चुकायचे, तो रागवायचा, आई त्याच्याशी बोलायची, पदर तोंडाला लावून हसायची. "कसा बोलते पाह्य!" पहिले काही दिवस मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. बाबा म्हणाले, "आत्मा नोहे ते. कॅसेट आहे." आई म्हणाली, "मी कुठं आत्मा म्हनून राहिली? मी बाबू म्हनून राहिली."

सेल उतरले की त्याचा आवाज जाड आणि संथ व्हायचा. मी नवे सेल आणते म्हटलं तर आई म्हणाली, राहू दे. "मोठा झाला असता त असाच बोलला असता." मला त्या आवाजाची भीती वाटू लागली. पंचविशीही न गाठलेला माझा भाऊ आमच्या अंधारलेल्या खोलीत बसून चाळिशीतल्या माणसासारखा बोलायचा.

पण मी अभ्यास करत होते, आणि अभ्यास केला की माणसाला येतं. एक प्रश्न होता, त्यावर मी कायम आपटायचे. दोन वेगळ्या वस्तू बनवल्या, दोन्हींत एकच शब्द ठेवला. ह्या दोन्ही एकच आहेत का, असं विचारलं तर जावा काय म्हणेल? मी आधी 'हो' म्हणायचे. उत्तर 'नाही' आहे. रत्नपाल समजावायचा, "भात सारखा आहे म्हनून दोन डब्बे एक होतेत का?" एका संध्याकाळी मी ठणकावून 'नाही' म्हटलं. टेप म्हणाला, "चुकली ना? मले माहीतच होतं."

मला हसू आलं. आईला नाही.

"तो चुकली म्हनते ना? मंग तू बरोबर काऊन सांगून राहिली?"

"आई, उत्तर बरोबरच आहे."

"मंग तो काय येडा आहे?"

पुढच्या प्रश्नालाही तसंच झालं, त्याच्या पुढच्यालाही. मी शहाणी होत चालले होते आणि तो होता तिथंच होता. त्याचं रागावणं हवेत जायला लागलं. आई चहा न पिता उठली आणि त्या रात्री जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्या प्रश्नाला मी 'हो' म्हटलं. टेप म्हणाला, "चुकली ना?" आई हसली आणि तिनं कप तोंडाला लावला.

इतकं सोपं होतं ते. मी रोज ठरवून चुकायला लागले. मनात बरोबर उत्तर म्हणायचं, तोंडानं चुकीचं. घरात पुन्हा बहीण-भावाची भांडणं सुरू झाली आणि आईच्या अंगावर मांस दिसू लागलं. मला वाटायचं, आपल्याला काय फरक पडतो? आपल्याला येतंय ना, मग झालं तर.

परीक्षा नागपूरला होती. सकाळच्या गाडीनं गेले. थंडगार खोली, एकेकाला वेगळा खण, समोर कॉम्प्युटर. पहिला प्रश्न वाचून संपला आणि माझ्या कानात मोकळी जागा सुरू झाली. भांडी वाजली. कोंबडा आरवला. "बाबू, चाय झाली." मी मान वळवून मागे पाहिलं, तर देखरेखीच्या बाईंनी डोळे वटारले. पुढं तो डब्यांचा प्रश्न आला, शब्द वेगळे, प्रश्न तोच. तोंडाला जे उत्तर बसलं होतं तेच बोटानं दाबलं. मग बदललं. मग पुन्हा बदललं. मनातलं कुठलं आणि तोंडातलं कुठलं, हेच मला कळेना. प्रत्येक उत्तरापाशी कुणीतरी श्वास रोखून माझ्या चुकण्याची वाट पाहत होतं. शेवटी निकाल स्क्रीनवर आला. थोडक्यात नापास.

घरी आले तर आई दारातच उभी होती. मी सांगितलं. आणि तिचा चेहरा उजळला. मी डोळ्यांनी पाहिलं ते. "जाऊ दे वं," ती म्हणाली, "आनखी अभ्यास कर. घाई कोनाले आहे?" आत गेले तर टेपरेकॉर्डर पुसूनबिसून मधोमध ठेवलेला.

मला राग आला. आईचा आला, आणि त्या मेलेल्याचाही आला.

"तो मेला आहे, आई! मी जिती आहो!"

"मले माहीत नाही का?" आई शांतपणे म्हणाली. "मीच त्याच्या तोंडात शेवटचं पानी टाकली. पन तू पास झाली का पुन्याले जाशीन. मंग तो कोनाले रागवन? मले एक बी उत्तर येत नाही. मी चुकली त त्याले कसं समजन?"

बाबा दारात आले होते. "रुक्मा," ते म्हणाले, "कामठ्याच्या घरचे देव माह्या बापानं बौद्ध झाल्यावर बाघ नदीत सोडले. लोक म्हनत होते, कोप होईन. तो भेला नाही. आन तू घरात नवा देव बसवून राहिली, पोरीले त्याच्यापुढं चुकवून राहिली."

"मंग तुमी रोज भाईर कायले उभे राह्यता?" आईनं विचारलं. "टेप संपेपर्यंत सायकल धरून उभे राह्यता. मले दिसत नाही का?"

बाबा अंगणात गेले आणि बराच वेळ हातपाय धूत बसले.

दुसऱ्या वेळी मी पास झाले आणि पुण्याला गेले, हे आत्ताच सांगून टाकते. मला सांगायचं आहे ते त्या आधीचं. नापास झाल्यावर मी टेप बंद केला नाही. रोज लावला आणि रोज बरोबर उत्तर दिलं, मोठ्यानं, शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं. तो रोज म्हणायचा, चुकली ना. आई माझ्याकडे पाठ करून बसायची. चहा करायची नाही, माझ्याशी बोलायची नाही, पण उठूनही जायची नाही. घरात माझ्याशी बोलणारा तो एकटाच होता, आणि तोच नव्हता. मला रडू यायचं, तरी मी उत्तर बदललं नाही.

नागपूरला निघायच्या आदल्या संध्याकाळी डब्यांचा प्रश्न आला. मी म्हटलं, "नाही."

"चुकली ना? मले माहीतच होतं."

आईनं तोंड वळवलं. माझ्याकडे नाही, टेपकडे. "नाही रे बाबू," ती म्हणाली, "बरोबर सांगतलं तिनं."

आणि ती थांबली. तो काहीतरी म्हणेल म्हणून ती खरोखर थांबली होती. मीही थांबले, बौद्ध असून. रत्नपालनं भाताचं आणि डब्यांचं सगळं सांगितलं, पान उलटल्याचा आवाज झाला आणि त्यानं पुढचा प्रश्न वाचायला घेतला.

"त्यानं आयकलंच नाही," आई म्हणाली.

"नाही, आई."

"इतके दिस बोलून राहिली मी. एक बी शब्द गेला नाही त्याले?"

"एक बी नाही."

"मंग तू कोनासाठी चुकून राहिली होती?"

"तुह्यासाठी."

प्रश्न वाचून संपला होता, मोकळी जागा चालू होती. आईनं माझा हात हातात घेतला.

"जाय मंग," ती म्हणाली. "पास हो, आन जाय."