उजवी बाजू कोरी

पटकथेचा कागद मधोमध उभा दुमडायचा. डावीकडं पडद्यावर दिसेल ते लिहायचं, उजवीकडं माणसं बोलतील ते. स्टुडिओतल्या जुन्या लेखकांची ही रीत प्रभुलिंग मगदूमांनी, म्हणजे सगळ्यांच्या अण्णांनी, दोन हजार तीन साल उजाडलं तरी सोडली नव्हती.

त्यांचं नाव झालं ते उजव्या बाजूमुळं. त्यांच्या संवादांवर जत्रेतल्या तंबूत चिल्लर उधळली जायची. लिहिताना ते सासू, सून, पाटील, फौजदार अशी सगळ्यांची तोंडं एकटेच चालवत. एकदा माडीवरचा नवा भाडेकरू भांडण सोडवायला खाली आला, तर बायकोनं, चन्नम्मांनी, त्याला बसवून चहा पाजला आणि सांगितलं की भांडण एवढ्यात मिटायचं नाही, सून अजून माहेरी गेलेली नाही.

कागदावर असा दांडगा असणारा हा माणूस चारचौघांत मात्र गोगलगाय. निर्माते म्हणतील ते बदलून द्यायचा. कोर्टाचा सीन हवा, घ्या कोर्ट. लावणी हवी, घ्या लावणी. एका चित्रपटात तर त्यांनी मेलेला बाप मध्यंतरानंतर जिवंत करून दिला होता, का तर त्या नटाच्या तारखा शिल्लक होत्या.

या वेळचे निर्माते होते कोडोलीचे गणपतराव. दुधाच्या धंद्यात वर आलेला माणूस, पहिलाच चित्रपट. निर्माता पटकथा वाचत नसतो, ऐकतो. म्हणून राजारामपुरीतल्या त्यांच्या ऑफिसात वाचन ठरलं. नारळ फुटला, पेढे फिरले. दिग्दर्शक कृष्णात भिंतीला टेकून बसला, गणपतरावांचा मेव्हणा ज्ञानू गादीवर आडवा झाला, आणि अण्णांनी सतरंजीकडं बघत वाचायला घेतलं.

गोष्ट एका बहिणीची होती. बाप गेल्यावर भाऊ तिच्याकडून जमिनीचं हक्कसोडपत्र करून घेतो. पुढं तिच्यावर वाईट दिवस येतात, तेव्हा तो दार उघडत नाही. शेवटी त्याचे दिवस फिरतात आणि तो तिच्या दारात येऊन उभा राहतो.

गणपतराव मध्यंतरापर्यंत मांडीवर थाप मारत होते. पुढं थाप थांबली. शेवटचा सीन आला. अण्णांनी डावी बाजू वाचली. भाऊ उंबऱ्यात बसतो. बहीण भाकरी थापते, त्याच्यापुढं ताट ठेवते. मग त्याच्याकडं पाठ करून आपलं ताट घेऊन जेवायला बसते. एवढं वाचून ते थांबले.

"आणि ती काय म्हणती?" गणपतरावांनी विचारलं.

"काही न्हाई म्हणत."

ज्ञानू उठून बसला. म्हणाला, अण्णा दमले वाटतं, उजवी बाजू लिहायची राहिली. कृष्णातनं गडबडीनं सांभाळून घेतलं की हा कच्चा खर्डा आहे, शेवटाला टाळीचा संवाद येईलच. गणपतरावांनी तर संवादाचा विषयही सांगून टाकला. भाऊ तो भाऊच, रक्त ते रक्तच, असं काहीतरी. बहिणीनं माफ केलंच पाहिजे.

नेहमीचं 'बरं, करतो की' अण्णांच्या ओठावर आलंच होतं. या सीनला त्यांनी तीनदा संवाद लिहिले होते आणि तिन्ही वेळा फाडले होते. तिच्या तोंडी काहीही घातलं की आपणच बोलतोय असं वाटायचं, ती नाही. आपल्याला आता लिहायला येईनासं झालं की काय, अशी भीतीही वाटून गेली होती. पण उजवी बाजू कोरी ठेवली तेव्हा ती बाई पहिल्यांदा समोर दिसली होती.

"वाचन पुरं झालं न्हाई," ते म्हणाले. "सीन पडद्यावर जेवढा वेळ चालतो तेवढा वेळ वाचायचा, असा रिवाज हाय. पुन्हा वाचतो."

त्यांनी पहिल्यापासून डावी बाजू वाचली. बहीण पाठ करून बसली आणि अण्णा गप्प झाले. कागद खाली ठेवला नाही, की मान वर केली नाही. खाली रस्त्यावर रिक्षा गेली. कुणाच्या तरी क्लासची पोरं बोलत गेली. ज्ञानूनं हसायला तोंड उघडलं, पण त्याला जोडीदार मिळाला नाही. अण्णा मनातल्या मनात तिचं जेवण पुरं होऊ देत होते. एक एक घास.

"बनाआक्का बी अशीच—" ज्ञानूच्या तोंडून निघून गेलं.

गणपतरावांनी त्याच्याकडं बघितलं. बनाआक्का म्हणजे गणपतरावांची थोरली बहीण. अण्णांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं. वाटलं, उठावं, माफी मागावी, दोन गोड वाक्यं लिहून द्यावीत. त्यांनी कागद दोन्ही हातांनी धरला.

"अण्णा," गणपतरावांचा आवाज खाली आला होता. "बोलू दे की तिला. शिव्या घालू दे, भावाची आयमाय उद्धरू दे. पर बोलू दे."

"न्हाई बोलणार ती."

"तुम्हीच लिवताय न्हवं?"

"म्हणूनच सांगतोय."

कृष्णातनं अण्णांचा गुडघा दाबला. अण्णांनी तो बाजूला घेतला.

गणपतराव म्हणाले, दुसरा लेखक मिळतोय, इचलकरंजीत एक जण तयार आहे. अण्णा म्हणाले, लिहून घ्या, पण मग पडद्यावरच्या पाटीवरनं माझं नाव काढा, आणि ही गोष्ट माझी हाय, ती मी घेऊन चाललो. आपण एवढं सलग बोललो याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. ते कागद गोळा करू लागले.

"थांबा," गणपतराव म्हणाले. बराच वेळ त्यांनी पेढ्याच्या खोक्याची दोरी बोटाला गुंडाळली. "करा असंच. पैसा मी लावतो. पर सांगून ठेवतो, पुरा झाल्यावर मी बघायला येणार न्हाई."

"नका येऊ," अण्णा म्हणाले. "तुम्ही आला तरी ती बोलायची न्हाईच."