तिकिटावरचं नाव

गेल्या वर्षी तिकिटांचा कायदा आला आणि तिला सुट्टीच्या दिवशीचं काम मिळालं. एरवी ती एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहायची. मोठी मॅच असली की स्टेडियमच्या सात नंबरच्या गेटवर उभी राहायची. गळ्यात ओळखपत्र, हातात तिकीट वाचायचं छोटं मशीन. तिकीट समोर धरलं की मशीनवर नाव आणि जन्मतारीख यायची. समोरचा माणूस तोच आहे ना, एवढं बघायचं. ज्याच्या नावाचं तिकीट, त्यानेच आत जायचं. जमत नसेल तर दोन दिवस आधी आयोजकांच्या खिडकीवर परत करायचं. परस्पर विकायचं नाही आणि फुकटही द्यायचं नाही, कारण फुकट दिलं म्हणणारेच मागून दुप्पट घेत होते.

त्या दिवशी फायनल होती. सकाळीच एका माणसाच्या मोज्यांत अकरा तिकिटं सापडली होती. पोलीस घेऊन चालला तेव्हा तो "अहो, मी समाजसेवा करतो" असं सांगत होता आणि सगळी रांग हसत होती. तीही हसली होती.

दोनच्या सुमाराला रांगेत तिला तिचा पहिला नवरा दिसला. पहिला म्हणायचं एवढंच. दुसरा काही झाला नव्हता.

त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तीन वर्षांपूर्वी दोघं वेगळे झाले आणि दीड वर्षापूर्वी त्याने दुसरं लग्न केलं. त्याची नवी बायको तिने कधी पाहिली नव्हती. मनात मात्र रोज पाहिली होती: उंच, सडपातळ, केस पाठीवर मोकळे सोडलेली. रांगेत त्याच्यापुढे उभी होती ती बुटकीशी होती, पायात सपाट चपला, डोळ्यांवर जाड चष्मा. तो चष्मा त्या नवीने काढून त्याच्या हातात दिला. त्याने शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या, उजेडात धरून बघितल्या आणि चष्मा स्वतःच्या हाताने तिच्या नाकावर बसवला.

नवी आपल्याहून देखणी नाही, हे पाहून तिला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. देखणी असती तर निदान कारण तरी कळलं असतं.

तिने टोपी खाली ओढली. दोघं पुढे आले. नवीने तिकीट मशीनसमोर धरलं आणि मशीनवर नाव उमटलं. नवीचं नव्हे, तिचं स्वतःचं. खाली तिचीच जन्मतारीख.

आधी तिला वाटलं, मशीन बिघडलं. मग आठवलं. लग्नानंतर तिकिटांच्या सोडतीसाठी दोघांनी मिळून जोडनोंदणी केली होती. प्रत्येक मोठ्या मॅचला तो अर्ज करायचा आणि नंबर कधी लागायचा नाही. आता लागला होता, आणि त्याने जुन्याच नावांवर काम भागवायचं ठरवलं होतं.

"नाव?" तिने विचारलं.

नवीने मशीनवरचंच नाव सांगितलं. पूर्ण, त्याच्या आडनावासकट.

"जन्मतारीख?"

"सतरा ऑगस्ट," नवी म्हणाली आणि पुढे सालही सांगितलं, पाठांतर करून आलेल्या मुलीसारखं, एका दमात.

ही तारीख अकरा वर्षांत त्याच्या लक्षात दोनदा राहिली होती. त्यातल्या एकदा बँकेचा मेसेज आला होता म्हणून. आणि आता कुठून तरी शोधून, साल बरोबर लावून, त्याने ती हिच्याकडून पाठ करून घेतली होती.

"तिकीट तुमचंच ना?"

"हो."

"नाही," ती म्हणाली. "माझं आहे." आणि गळ्यातलं ओळखपत्र पुढे धरलं.

नवीने ते वाचलं. मग मान वळवली. "तू म्हणालास ऑफिसची चूक आहे. जुनं नाव तसंच राहिलंय म्हणालास."

"अगं, इथे नको," तो म्हणाला. मग ओळखपत्राकडे बघून, "तू इथे काय करतेस?"

"नोकरी."

"जाऊ दे ना तिला. कोणाचं काय जातंय?"

"कायदा आहे," ती म्हणाली. हा शब्द तिने त्या दिवशी शंभरदा उच्चारला असेल, पण इतका गोड एकदाही लागला नव्हता.

मागचे लोक कुरकुरायला लागले. तिने मशीन शेजारच्या गेटवाल्याकडे दिलं आणि दोघांना तक्रारीच्या तंबूत नेलं. तिथल्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. नाकाला रुमाल लावूनच त्यांनी सगळं ऐकलं.

"तुमचं तिकीट बरोबर आहे, तुम्ही आत जाऊ शकता," त्या त्याला म्हणाल्या. "यांना जाता येणार नाही. आता तिकीट ज्यांच्या नावाचं आहे त्या इथेच आहेत. त्यांनी संमती दिली तर मी नाव बदलून देते. त्यांनी तक्रार दिली तर आजच्या मॅचनंतर नोंदणी रद्द. पाच वर्षं कुठल्याच सोडतीत बसता येणार नाही."

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"दे ना संमती," तो हळू आवाजात म्हणाला. "हिने आजवर एकही मॅच स्टेडियममध्ये बघितलेली नाही."

स्वतःसाठी मागितली असती तर कदाचित तिने दिलीही असती.

"मीही नाही बघितली," ती म्हणाली. "तक्रार लिहून घ्या."

बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. "जोडनोंदणी आहे. रद्द झाली की तुमचंही नाव जाईल हं."

पेन तिच्या हातातच राहिलं. बाईंच्या कॉम्प्युटरवर दोन्ही नावं एकाखाली एक दिसत होती. बँकेतून, घराच्या कागदांवरून, विम्यातून, सगळीकडून ती वेगळी झाली होती. इथलं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मघाशी मशीनवर नाव बघितलं तेव्हा, राग यायच्या आधी, आपल्याला एक क्षण आनंद झाला होता, हे तिला आत्ता कळलं. त्याची तिला इतकी लाज वाटली की तिने घाईघाईने सही केली.

"चूक माझीही आहे," नवी म्हणाली. "मी खोटं बोलले. माफ करा." मग त्याला म्हणाली, "तू जा आत. मी घरी जाते." आवाज चढवला नाही, काही नाही. पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

आत संघ मैदानात उतरले असावेत. तंबूचं कापड थरथरेल एवढा आवाज झाला. तो तिकीट हातात धरून उभा होता. आता तो काय करणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या स्वतःच्या ऑपरेशनच्या दिवशी तो हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर बसून होता, मॅच संपेपर्यंत. ती तर फायनलही नव्हती.

त्याने एकदा गेटकडे पाहिलं. मग तिकीट टेबलावर ठेवलं आणि "अगं, थांब तरी" म्हणत नवीच्या मागे पळाला.

"अहो, तिकीट राहिलं तुमचं," बाई म्हणाल्या.

ती तंबूबाहेर आली. कुंपणापलीकडच्या रस्त्यावर नवी तरातरा चालली होती आणि तो शेजारून, अर्धा वळून, हातवारे करत बोलत होता. थोड्या अंतरावर नवी चालायची थांबली. त्याच्याकडे बघितलं नाही, पण थांबली.

त्या दुपारी तिने आणखी चौघांना परत पाठवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थांना जन्मतारीख तीनदा विचारली, तेव्हा शेजारचा गेटवाला म्हणाला, "बाई, त्यांना जन्माला घातल्याचा पुरावा मागताय का?" तिने त्यांना आत सोडलं.

संध्याकाळी ती घरी आली. वेगळी झाल्यापासून ती थोरल्या बहिणीकडेच राहायची. ताईने ताट वाढलं आणि तिने घडलेलं सगळं सांगितलं, सर्दीवाल्या बाईंसकट.

"बरं केलंस," ताई म्हणाली. "पाच वर्षं बसू दे घरी. कायद्यानेच झालं ना सगळं?"

"कायद्याने झालं. पण मी कायद्यासाठी नाही केलं, ताई."

"मग काय झालं? त्याला चटका बसला ना?"

तिने घास हातात घेतला, परत ताटात ठेवला.

"मॅच सोडून गेला गं तिच्यामागे," ती म्हणाली. "फायनल होती."

ताईने आपली खुर्ची जवळ ओढली आणि जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली.