दोघांच्या गोळ्या

डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांची दोन पाकिटं टेबलावरून सरकवली. एक तिच्यापुढे, एक तिच्या नवऱ्यापुढे.

"शरीरसंबंधातून होणारा जंतुसंसर्ग आहे. दोघांनी एकदमच घ्यायच्या, एकानंच घेऊन भागत नाही."

"पण मी तर तेव्हाच घेतल्या होत्या," नवरा म्हणाला.

एरवी चार माणसांत तोंड उघडायला त्याला ढोसावं लागे. आज मेला कुणी विचारलं नसताना बोलून बसला.

"तेव्हा म्हणजे कधी?" तिनं विचारलं.

तो लिफ्ट बसवणारा फिटर. लग्नानंतर लगेचच कामासाठी काही महिने परगावी राहिला होता. परत आल्यावर लघवीला जळजळ होऊ लागली. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या, गुण आला, विषय संपला. हे सगळं त्यानं डॉक्टरीणबाईंकडे बघत सांगितलं.

"मग मला का नाही दिल्यात?"

"तुला कुठं काय होत होतं?"

खरंच, तिला काहीच होत नव्हतं. बायकांना पुष्कळदा जाणवतच नाही, डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, आतल्या आत गर्भनलिका बंद होऊन जातात. या गोळ्यांनी जंतू मरतील. नळ्या काही उघडणार नाहीत.

आणि मूल होत नाही म्हणून ही वेडी इतकी वर्षं स्वतःच्याच शरीराला बोल लावत आली होती. जावेच्या बाळाची झबली हौसेनं शिवली, सासूचे टोमणे मुकाट गिळले. तपासणीला चला, एवढं नवऱ्याला म्हणायचीही तिला चोरी वाटायची. त्या बिचाऱ्याला कशाला त्रास! पाकीट पर्समध्ये टाकताना चेन काही केल्या लागेना.

दवाखान्याच्या पायऱ्यांवरच फोन वाजला. गाड्यांच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"काय म्हणाल्या रे डॉक्टर?" सासूबाईंनी विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढं तरी त्यानं खरं सांगावं, बाकी काही नको, असं तिला फार वाटलं.

"हिच्या नळ्या बंद आहेत, आई."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढच्या वाक्यासाठी ती थांबली. पुढचं वाक्य आलं नाही.

पलीकडून सासूबाई कधी नव्हे इतक्या मायेनं म्हणाल्या,

"तिला काही बोलू नकोस हं. मीच फार टाकून बोलले पोरीला. तू आहेस म्हणून निभावलं रे, दुसरा कुणी असता तर केव्हाच सोडून गेला असता."

"हो, आई," तो म्हणाला.