कंबरेवरची लाईट

पार्वताबाईंच्या घोट्याला जळू लागली, तेव्हा कोणी मान वर करूनही पाहिलं नाही. कोंढा गावात धानाच्या बांधीत, पाण्यानं भरलेल्या त्या खाचरात, रोवणा म्हणजे भाताची लावणी करताना जळू लागायचीच. शेजारच्या शकुबाईनं चिमूटभर तंबाखू चोळली, जळू गळून पडली आणि तुटलेलं गाणं तिथूनच पुढं निघालं.

पऱ्हा लावता लावता, बांधी हिरवी झाली वं
चिखलात रुतला पाय, माती मायेर झाली वं

"पार्वता, जळूले तुयंच रक्त गोड लागते."

"तुयं कडू असन. दिवसभर लोकाईले बोलत राह्यतं."

बायका वाकल्या वाकल्या हसल्या.

पार्वताबाईंना गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता. नागपूरच्या दवाखान्यात त्यांना रेडिएशन सुरू होतं; घरात सगळे त्याला लाईट म्हणत. कंबरेभोवती शाईच्या रेघा आखल्या होत्या. लाईट त्या रेघांच्या आत, दुखणं त्या रेघांच्या आत, बाकीची बाई धडधाकट, असाच त्यांचा आणि सुनेचा, रुचिताचा हिशेब. शुक्रवारी लाईट घेऊन रक्त तपासायला द्यायचं होतं. नेमका त्याच दिवशी शेवटच्या बांधीचा रोवणा आला. त्यांच्या घरी रोपांची शेवटची मूठ थोरल्या बाईनंच लावायची रीत.

"लाईट पडते कंबरेवर, आन् रक्त काढतेत हाताचं," पार्वताबाई म्हणाल्या होत्या. "हाताले माह्या काय झालं? सोमवारी देऊ."

रुचितालाही ते पटलं होतं, म्हणून आज शुक्रवारी नागपूरला न जाता त्या बांधीत उतरल्या होत्या.

घरी येऊन पाय धुतले, तरी ओसरीपासून चुलीपर्यंत पावलागणिक लाल ठिपका उमटत गेला. रुचितानं हळद दाबली. हळद वाहून गेली. फडकं बांधलं, ते भिजलं, त्यावर दुसरं बांधलं. पार्वताबाईंनी चूळ भरली, तर मोरीत पडलेलं पाणी गुलाबी. रुचितानं त्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. दोन्ही नडग्यांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके पसरले होते, जणू कातडीखालून कोणी कुंकू शिंपडलं होतं.

"हे कवा झालं, आई?"

"मले काय मालूम. दुखत त नाही."

दुखत नाही, याचीच रुचिताला जास्त भीती वाटली. ती नवऱ्याकडं, प्रफुल्लकडं, गेली आणि दंडाला धरून त्याला आईजवळ घेऊन आली.

दवाखान्यात रक्ताचा रिपोर्ट पाहून डॉक्टरबाई खुर्चीतून उठल्याच. "रक्त गोठवणाऱ्या पेशी फार उतरल्यात. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही कमी आहेत. चिखलात कशा गेलात तुम्ही?"

"पण लाईट त कंबरेवर हाय," प्रफुल्ल म्हणाला. "पायाचं रक्त कसं बिघडलं?"

"पायात रक्त तयार होत नाही, दादा. ते हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे मज्जेत, होतं. मोठ्या माणसात त्याचा मोठा वाटा कंबरेच्या आणि मणक्याच्या हाडांत असतो. आपण लाईट तिथंच देतो. आजाराच्या पेशी मरतात, सोबत तो मगजही भाजतो. दर आठवड्याला देतो त्या केमोच्या सलाईननं त्यात भर घातली. बनायचं तिथं कमी बनलं, की अंगभर कमी पडतं. म्हणून तर दर आठवड्याला रक्त बघतो."

रुचिता भिंतीला टेकली. सासूच्या कंबरेवरच्या रेघा रोज तीच कोरड्या फडक्यानं जपत होती. त्या रेघांनी काहीच अडवलं नव्हतं.

रक्त गोठवणाऱ्या पेशींची पिवळसर पिशवी लावली. घोट्याचं रक्त हळूहळू थांबलं.

"आता लाईट काही दिवस बंद," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पार्वताबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्याकडं नीट पाहिलं. "बंद केली त तो रोग आतमंदी चूप बसून राहीन का?"

"नाही राहणार. म्हणून फार थांबायचं नाही. पण रक्त वर आल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही."

डॉक्टरबाई गेल्या. तव्याला लागल्यासारखा पार्वताबाईंनी कंबरेवरचा हात उचलला. बराच वेळ तो तसाच अधांतरी राहिला. मग झोपलेल्या लेकराला जाग येऊ नये, इतक्या हलक्यानं त्यांनी तो परत कंबरेच्या हाडावर ठेवला.

"रक्त बनव माय," त्या पुटपुटल्या. "बनव लवकर."