कारणाचा रकाना

"ओडेट, ये गं बाळा, झनेला घेऊन जा," शाळेच्या कचेरीतून मी फोनवर म्हणाले.

"मिस अर्लीन, दहासुद्धा वाजले नाहीत हो. सहा खोल्या झाडायच्या राहिल्यात माझ्या."

"मी तरी काय करू? पोरगी टेबलाखाली बसून किंचाळतेय."

ओडेट हॉटेलात साफसफाईला होती. दोन बस बदलून यायची. झने आठ वर्षांची, स्वमग्न. वर्गातला गोंगाट तिला सोसत नसे. आमच्या न्यू ऑर्लिन्समधल्या बहुतेक शाळांसारखीच आमचीही, पैसा सरकारचा आणि कारभार खासगी मंडळाचा. पण कायदा सगळ्यांना एकच. अशा मुलीला शाळेने वर्षात दहा दिवसांहून जास्त घरी धाडलं, तर बैठक घ्यावी लागते, वेळ पडली तर मदतनीसही द्यावी लागते. म्हणून कागदोपत्री आम्ही तिला कधी धाडलंच नाही, फक्त फोन केले. आई यायची, नोंदवहीत सही करायची.

"कारणाच्या रकान्यात 'घरचं काम' लिही," मी सांगायचे. "लेकीच्या नावावर उगाच डाग नको." तिच्या भल्याचंच सांगतेय, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली होती. लाज वाटते आता.

जानेवारीपर्यंत एकतीस सह्या झाल्या. ओडेटची नोकरी गेली. तिने सरकारकडे तक्रार केली, झनेला मदतनीस मिळावी म्हणून.

चौकशीला आलेल्या बाईंनी वही तिच्यापुढे सरकवली. "सही तुमचीच ना? कारणही तुम्हीच लिहिलंय?"

"हो. पण मला फोन यायचा. मिस अर्लीनना विचारा."

बाई माझ्याकडे वळल्या. मुख्याध्यापक आपली नखं बघत बसले होते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"आई स्वतःच येऊन न्यायच्या," मी म्हणाले.

तक्रार तिथेच संपली. पुढच्या आठवड्यात ओडेट झनेचं नाव शाळेतून काढून तिला न्यायला आली. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरंच झालं असतं.

"फोनवर तुमचा आवाज आला की बरं वाटायचं," ती म्हणाली. "वाटायचं, आत आपलं एक माणूस आहे."

जेवणाची घंटा झाली. झनेने कानांवर हात दाबले. ओडेट तिला पोटाशी धरून दारापाशी थांबली.

बाहेरच्या दाराचं कुलूप उघडायचं बटण माझ्या टेबलाखाली असतं. मी ते दाबलं.